मेलेल्याला हात न लावणारा डॉक्टर

माझा थोरला भाऊ राजाराम हा काही खरा डॉक्टर नव्हे. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक, एवढंच त्याचं पद. पण इस्लामपूरच्या आजूबाजूला आमच्या पाचसात गावांत त्याला पर्यवेक्षक म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही. एवढा लांबलचक शब्द उच्चारेपर्यंत म्हैस व्यायची. सगळे डॉक्टरच म्हणत आणि हा पठ्ठ्याही खुशाल ‘ओ’ देई. मी म्हणायची, “दादा, खोट्या नावाला ओ देतोस, एक दिवस पकडतील तुला.” त्यावर तो म्हणे, “म्हशी तक्रार करत न्हाईत तवर चाललंय, चालू दे.”

सहा फूट उंच, काळा, हाताचे पंजे फळीसारखे. अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून उलटं आलेलं रेडकू सरळ करणारा. घरी आला की शेणाचा आणि डेटॉलचा असा एक मिसळलेला वास यायचा. तो आला हे आईला चुलीपाशी बसूनच कळायचं. कुठली जखम, कुठला ताप, हे त्याला बोटांनी समजायचं. डोळ्यांपेक्षा बोटांवर त्याचा विश्वास जास्त होता. कळलं नाही तर विचारायला त्याला लाज वाटत नसे. हा गुण आमच्या घरात फार कुणाकडे नाही, माझ्याकडे तर मुळीच नाही.

आता त्याची एक खोड सांगते. खोड हा शब्द माझा. आबांच्या देखत मी तो वापरला नसता.

दादा मेलेल्या जनावराला हात लावायचा नाही. उपचार चालू असताना एखादी गाय दगावली, की हा उठायचा, पिशवी उचलायचा, बादलीतल्या पाण्यानं हात धुवायचा आणि लांब जाऊन उभा राहायचा. विम्यासाठी चिरफाड करायची असली तर तालुक्याचे डॉक्टर यायचे. हा वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभा राहून ते सांगतील ते कागदावर उतरवायचा. घरात पिंजऱ्यात उंदीर मेला तर हा सहा फुटी गडी पाय वर घेऊन बाजेवर बसायचा आणि मला हाका मारायचा. मी सुपलीत घेऊन टाकून यायची, आबा बघत नाहीत एवढं बघून.

कारण आबांच्या बापानं, म्हणजे आमच्या कोंडीबा आज्यानं, आण घातली होती. आमच्या घराण्याकडे गावातली मेलेली ढोरं ओढून न्यायचं काम पिढ्यान्‌पिढ्या होतं. छप्पन साली वस्तीनं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. पुढच्या उन्हाळ्यात पाटलांचा बैल मेला आणि नेहमीसारखा सांगावा आला. आज्यानं ढोरं ओढायचा दोर काढला, सांगावा घेऊन आलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर चुलीत घातला आणि म्हणाला, “आजपास्नं ह्या घरातलं कुनी मेल्यालं उचलणार न्हाई.” बैल पाटलांच्या दारात फुगला. शेवटी पाटलांच्याच भावकीनं नाकाला फडकी बांधून तो ओढत नेला. मग गावानं वस्तीची गिरणी बंद केली, चराईचं रान बंद केलं, कामं बंद केली. वर्षभर वस्तीनं ते काढलं. आबा तेव्हा पोरसवदा होते. त्या वर्षी त्यांची धाकटी बहीण गेली. कशानं, ते आबा सांगत नाहीत, आणि आम्ही विचारत नाही.

त्या घरातला दादा जित्या जनावरांचा डॉक्टर झाला. ज्या पाटलांचा बैल पडून राहिला, त्यांचाच गडी आता आमच्या दारात येऊन म्हणायचा, “डॉक्टर हायत का? म्हस चारा खाईना.” आबा बाजेवर बसून ते ऐकायचे. चेहरा अगदी साधा ठेवायचे, पण पायाचा अंगठा हलत असायचा. आबा खूश असले की त्यांचा अंगठा हलतो.

मी पहिल्या बाळंतपणाला सांगलीहून माहेरी आले होते, तेव्हाची ही गोष्ट. नव्वद साल उलटून काही वर्षं झाली होती. त्याच पाटलांचा मुलगा सयाजी मिलिटरीत हवालदार. बायकोमुलीला घेऊन पुण्याला लष्कराच्या क्वार्टरमध्ये राहायचा. त्याची बदली सरहद्दीवर झाली, तिथं कुटुंब नेता येईना, म्हणून मायलेकी गावी आल्या. मुलगी शिवांजली, तिसरीतली. येताना तिनं पुण्याहून एक पिंजरा आणला आणि त्यात एक जनावर. सोनेरी, मूठभर, शेपूट जवळजवळ नाहीच, डोळे काळ्या मण्यांसारखे. बापानं जायच्या आधी तिला घेऊन दिलेलं. ती सांगायची, हा हॅमस्टर आहे. गाव म्हणायचं, उंदीर हाय. तिनं त्याचं नाव शेंगू ठेवलं होतं, कारण त्याला शेंगदाणे फार आवडायचे.

पाटलांच्या घरात उंदीर पाळलाय ही बातमी गावभर झाली. आमच्याकडे उसाच्या फडात उंदरांचा असा सुळसुळाट, की लोक विषाच्या गोळ्या मागायला दुकानात रांग लावतात. आणि इथं एका उंदराला शेंगदाणे चारले जातात! शिवांजलीचे आजोबा गुंडातात्या पारावर बसले की लोक विचारायचे, “तात्या, जावई बरा हाय न्हवं?” तात्या वैतागायचे, पण नातीपुढं त्यांचं काही चालत नसे.

एक दिवस पाटलांचा गडी बाळासो दादाला बोलवायला आला. उंदराचा गाल सुजलाय म्हणाला आणि स्वतःच हसत सुटला. दादा हसला नाही. लुना काढली आणि गेला.

शिवांजलीची आजी साळूबाई. तिनं गालगुंड समजून शेंगूच्या गालाला हळदीचा लेप लावून ठेवला होता. पोरांना गालगुंड झालं की आमच्याकडे पहिलं तेच करतात, तिनंही तेच केलं. शेंगू पिवळाधमक होऊन कोपऱ्यात बसलेला. दादानं असलं जनावर जन्मात पाहिलं नव्हतं. सूज बघून त्याचा हात पहिल्यांदा पेनिसिलिनकडं गेला. बैलाला द्यायचं, शेळीला द्यायचं, याला किती द्यायचं? हे कळेना म्हणून तो स्टँडवरच्या एसटीडी बूथवर गेला आणि डॉक्टर जयराज यांना फोन लावला. ते तालुक्याचे डॉक्टर, मुंबईच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकलेले. तिथल्या प्रयोगशाळेत असली जनावरं त्यांनी हाताळलेली.

डॉक्टर जयराज ओरडलेच. “पेनिसिलिन अजिबात नको. गाईला जे औषध, ते याला विष. पोटातले चांगले जंतू मरतात, हागवण लागते आणि संपतं. आणि आधी मला सांग, गालाच्या आत काय आहे ते बघितलंस का? याच्या गालात पिशव्या असतात. दाणे साठवायला.”

दादा परत गेला. टॉवेलात शेंगूला गुंडाळून, कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यानं गाल आतून ओला करत करत त्यानं काय काढलं? गुळात घोळलेला शेंगदाणा! गुऱ्हाळ चालू होतं. पोरांना गरम गुळात दाणे घालून देतात, तसे शिवांजलीनं त्यालाही दिले. ते गालाच्या पिशवीत चिकटून बसले. दादाच्या त्या फळीएवढ्या पंजात ते जनावर कसं मावलं आणि त्या बोटांनी एवढं नाजूक काम कसं केलं, ते मी शिवांजलीच्या तोंडूनच ऐकलं. ती आमच्या घरी येऊन सगळं साभिनय सांगून गेली. पाटलांची पोर आमच्या वस्तीत एकटी आली म्हणून दोन्हीकडं कुजबूज झाली ती वेगळी.

पुढं शेंगूला शिंका यायला लागल्या. नाक ओलं, श्वासाला घरघर. दादानं पिंजऱ्यात हात घातला आणि खालचा भुसा बोटांत चुरून बघितला. कारखान्यावरून आणलेला उसाच्या चिपाडाचा भुसा! त्याला दमट बुरशी. बाळासोनं फुकट मिळतो म्हणून तोच अंथरला होता. दादानं तो काढायला लावला, कागदाचे कपटे घालायला सांगितले, वर थेंबभर औषध दिलं. शिंका थांबल्या. दात वाढले तेव्हा कुरतडायला पेरूची काटकी ठेव म्हणाला. शिवांजली त्याला डॉक्टरकाका म्हणायची आणि त्याचं सगळं ऐकायची.

आणि एक गोष्ट झाली, जी दादानं मला सांगितली, आबांना नाही. शेंगूचा पिंजरा असायचा माजघरात. आमच्या घरातलं कुणी आजवर पाटलांच्या सोप्याच्या आत गेलं नव्हतं. दादा त्यांच्या म्हशी तपासायचा, पण गोठ्यात. चहा सोप्यावर. शिवांजलीनं त्याचं बोट धरलं आणि सरळ माजघरात नेलं. साळूबाई पदर सावरत बाजूला झाली. दादा म्हणाला, “आमू, त्या उंबऱ्यावर माझं पाय जडच झालं. पण पोर वडतच व्हती.” मी म्हटलं, “उंदराच्या वशिल्यानं गेलास की रे आत.” दोघं हसलो. पण मला बरं वाटलं होतं, आणि बरं वाटलं याचा रागही आला होता.

मार्गशीर्ष लागला. त्या वर्षी थंडी अशी पडली की सकाळी उसाच्या पानावर हात ठेवला तर बोटं बधिर व्हायची. गुरुवारी साळूबाईनं देवीचा घट मांडला. संध्याकाळी गावातल्या सवाष्णी यायच्या होत्या. माजघरात पूजा आणि शेजारी उंदराचा वास, ते तिला चालेना. तिनं पिंजरा उचलून मागच्या पडवीत ठेवायला लावला. पडवीला भिंत एकच, बाकी सगळं उघडं. पलीकडं उसाला पाणी सोडलेलं. बायका आल्या, गेल्या, पोर दमून झोपली, पिंजरा पडवीतच राहिला.

शुक्रवारी सकाळी बाळासो पुन्हा दारात. ह्या वेळी हसत नव्हता. “डॉक्टर, चला बिगीनं. पोरगी आकांत करतीया.”

पुढचं दादानं मला सांगितलं तसं सांगते.

तो पोचला तेव्हा शेंगू पिंजऱ्याबाहेर, जमिनीवर एका रुमालावर होता. गोळा झालेला, डोळे मिटलेले, पोट हलत नव्हतं. दादा दोन हात अंतरावर उभा राहून बघत होता. शिवांजलीनं रुमालासकट त्याला उचललं आणि दादाच्या पुढं धरलं. “काका, बघा ना. तुम्ही हात लावा ना.” दादा पुढं होणार, तेवढ्यात मागून साळूबाई म्हणाली, “मेलंय त्ये. हात काय लावायचा? राजारामा, जाताना तेवढं घिऊन जा बाबा आन दे कुटंतरी टाकून. पोर बघून बघून रडतीया.”

साळूबाई वाईट बाई नव्हे. माझ्या बाळंतपणासाठी तिनं घरचं तूप धाडलं होतं. हे वाक्य तिनं मुद्दाम म्हटलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. पण ते तिच्या तोंडून आपोआप आलं. घरात काही मेलं, समोर आमच्या घरातला माणूस उभा, तोंडाला दुसरं काही येणारच नाही. एवढी वर्षं ते वाक्य त्या घरात जिवंत होतं. म्हशी तपासून घेतल्या, डॉक्टर म्हटलं, माजघरात येऊ दिलं, तरी ते आत बसून होतं. हे लिहितानासुद्धा माझ्या कानशिलात ठणका उठतोय.

दादाच्या अंगाची आग झाली. पुढं केलेला हात त्यानं मागं घेतला. “काकी,” तो म्हणाला, “आमच्या घरात मेल्यालं उचलत न्हाईत. तुमास्नी ठावं हाय.” गुंडातात्या सोप्यावरून म्हणाले, “आवं, तसं न्हाई म्हनायचं तिला, डॉक्टर.” पण दादा थांबला नाही. शिवांजली रुमाल पुढं धरून त्याच्यामागं दारापर्यंत आली. “काका, हात तरी लावा ना.” त्यानं लुनाला पायडल मारलं.

दवाखान्यात गेला, पण काम सुचेना. अपमान एका बाजूला आणि एक शंका दुसऱ्या बाजूला. शिंकांवर आपण काही चुकीचं दिलं असेल का? आपल्याच औषधानं जनावर गेलं असेल का? शेवटी तो बूथवर गेला आणि डॉक्टर जयराज यांना फोन लावला.

“मेलं म्हणतोस. काल काय खाल्लं होतं?”

“काल चांगलं व्हतं. रात्री पडवीत ठेवलं व्हतं.”

मग डॉक्टरांनी विचारलं, “अंग ताठ होतं की मऊ?”

“ठावं न्हाई.”

“ठाऊक नाही म्हणजे? पाय वाकवून बघितलास ना?”

“हात लावला न्हाई, सायेब.”

“तू? तू हात लावला नाहीस?”

दादा म्हणतो, एवढ्या वर्षांच्या नोकरीत कुठल्या साहेबाचं बोलणं त्याला असं लागलं नाही. डॉक्टर जयराज यांनी मग भराभर सांगितलं. कडक थंडीत हे जनावर झोपी जातं, साधी झोप नव्हे. अंग गार पडतं, श्वास इतका सावकाश चालतो की दिसत नाही, छातीचे ठोके बोटांनासुद्धा मुश्किलीनं लागतात. मेल्यासारखं वाटतं, पण मेलेलं नसतं. हातात घेऊन छातीशी धरायचं, ऊब द्यायची, दमानं बसायचं. मिशा हलायला लागतात. “जा, आधी जा,” ते म्हणाले.

दादानं फोन खाली टाकला. बूथवाला पैसे मागत मागं पळाला, तेही त्याला कळलं नाही.

सूर्य वर आला होता. पाटलांच्या वाटेवरच त्याला बाळासो भेटला. “पुरलं की,” तो म्हणाला. “पोरीनं रुमालात गुंडाळलं, मी बिस्किटाच्या डब्यात घातलं आन उकिरड्याच्या कडंला पुरलं. झाकण घट्ट लावलंय, कुत्री काढायची न्हाईत.”

जनावरांची माणसं ऊब ओळखतात. उकिरड्याच्या पोटात हात घातला तर कडक थंडीतही चटका बसावा इतकी ऊब असते. दादाला ते बाळासोनं सांगितल्याबरोबर कळलं. शेंगूला जी ऊब आपल्या हातांनी द्यायची होती, ती त्याला उकिरड्यानं दिली असणार. घट्ट झाकणाच्या डब्यात.

तो हातांनी उकरायला लागला. बाळासो खोरं आणायला धावला, तोवर डबा निघाला होता. घरातली माणसं मागच्या दारात जमली. शिवांजली पुढं आली. दादानं झाकण काढलं.

रुमालाच्या चिंध्या झालेल्या होत्या. बारीक बारीक फाडून एका कोपऱ्यात गोल रचलेल्या, आणि त्या घरट्यात शेंगू आडवा. दादानं त्याला उचललं. अंग मऊ होतं, ऊन होतं. त्यानं पोट चोळलं, नाकावर फुंकर घातली, छातीशी धरलं, पुन्हा चोळलं. बराच वेळ. साळूबाईला काय चाललंय ते समजत नव्हतं, नुसती पदर तोंडाशी धरून उभी होती.

शिवांजलीनं बोट लावलं. “काका, हा गरम आहे.”

“उकिरड्याची ऊब हाय, बाळ,” गुंडातात्या घाईघाईनं म्हणाले. म्हाताऱ्याला चिंध्या दिसल्या होत्या, शेंगू डब्यात जागा झाला होता हे कळलं होतं. दादाला त्यांनी एक वाट करून दिली. दादाला ती वाट घेता आली असती.

“न्हाई,” दादा म्हणाला. “सकाळी जिता व्हता, पोरी. थंडीनं झोपला व्हता. मी हात लावून बघायला पायजे व्हतं, मी बघितलं न्हाई.” साळूबाईच्या वाक्याचा त्यानं उच्चारही केला नाही. मला हे कळलं तेव्हा मी त्याच्यावर खूप चिडले. सगळं पाप आपल्या डोक्यावर घ्यायची काय गरज होती? पिंजरा पडवीत कुणी ठेवला? मेलं म्हणून कुणी सांगितलं? टाकून दे कुणी म्हटलं? तो नुसता मान हलवत राहिला.

शिवांजली रडली नाही. रडून संपलं असेल. तिनं डब्याकडं पाहिलं, उकिरड्याकडं पाहिलं आणि म्हणाली, “इथं नका पुरू परत. तुम्हीच न्या त्याला.”

सकाळी साळूबाईनं सांगितलं होतं तेच. ह्या वेळी दादाला नाही म्हणता आलं नाही.

लुना तिथंच टाकून तो चालत निघाला. दोन्ही हातांची ओंजळ, त्यात शेंगू. पाटलांच्या दारापासून वस्तीपर्यंत अख्खं गाव पडतं. लोकांनी पाहिलं. कोंडीबाचा नातू पाटलांच्या घरातलं मेलेलं जनावर घेऊन चाललाय. कुणी काही म्हटलं नसेल, पण पाहिलं सगळ्यांनी.

मी दारात उन्हाला बसले होते. आबा बाजेवर. दादा समोर येऊन उभा राहिला.

“काय हाय ते?” आबांनी विचारलं.

“पाटलांच्या पोरीचं जनावर.”

“जितं?”

“न्हाई.”

आबा उठले, आत गेले आणि दार लावून घेतलं. कडी लावल्याचा आवाज आला. दिवसाढवळ्या आमच्या दाराला कडी लागलेली मी कधी पाहिली नव्हती.

दादा भिंतीला टेकून माझ्याशेजारी खाली बसला आणि त्यानं मला सगळं सांगितलं. साळूबाईचं वाक्य, फोन, डबा, चिंध्या. आवाज खाली ठेवून सांगत होता, पण आमच्या दाराच्या फळ्यांना बोटभर फटी आहेत. आत आबांना शब्द न्‌ शब्द ऐकू जात असणार. मी रागानं काहीबाही बोलले, पाटलांना बोलले, दादालाही बोलले. मग मलाच रडू आलं.

कडी निघाली. आबा उंबऱ्यात उभे राहिले.

“हात लावला असतास तर जगलं असतं?”

“व्हय, आबा.”

“मग का न्हाई लावलास?”

“आज्याची आण हाय.”

“आण मेल्याल्याची हाय,” आबा म्हणाले. “ते मेलंय हे तुला कुनी सांगितलं?”

दादानं मान खाली घातली.

“तुला इचारतोय. कुनी सांगितलं?”

“साळूकाकीनं.”

“पाटलीण म्हनली मेलं,” आबा सावकाश म्हणाले, “आन तू मानलंस. तू डॉक्टर, तुझ्या बोटास्नी सगळं कळतंय, आन तू तिचं मानलंस. माझ्या बापानं त्यांचा सबूद मोडला, रं. त्यापायी माझी भन गेली. नुसतं मेल्यालं उचलायचं न्हाई म्हून न्हवं, त्यांनी सांगायचं आन आपुन मान हलवायची, ते मोडायला. आन तू रागानं का हुईना, परत तिचंच ऐकून आलास.”

दादानं मान वर केली नाही. मी आबांना काहीतरी म्हणणार होते, की त्याचा अपमान झाला होता, त्याला कसं सुचणार. पण माझं लक्ष दादाच्या हातांकडं गेलं. ओंजळीतलं ते मूठभर जनावर त्यानं अजून खाली ठेवलं नव्हतं. त्याचा अंगठा शेंगूच्या छातीवर होता, आणि ठोका लागतो का ते तो बघत होता, बघत होता.